दोनशे बारा कोड आणि एक कोश

४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. पुढेमागे कुणी विचारलं की या विद्यापीठाच्या ग्रंथालयात खरेदीला शिस्त कुणी लावली, तर पुरावा असावा. वही कपाटात, मफलरखाली. घरात कुणी वाचायची नाही.
वस्तुस्थिती: मुख्य ग्रंथपालांची खुर्ची ऑगस्टपासून रिकामी. निवड २७ डिसेंबरला. खरेदी विभाग बारा वर्षं माझ्याकडे. संचालक परवा लिफ्टमध्ये म्हणाले, तुमचा खर्चाचा अहवाल वाचून काही कळत नाही. दुसरा असता तर हिरमुसला असता. मी संकेत ओळखला.

त्याच दिवशी, दुपारी
अख्ख्या विद्यापीठाच्या खरेदीला बजेट कोड सात. फक्त सात! ऑर्डरच्या टेबलावरच्या ताईंनी ते एका पुठ्ठ्यावर लिहून सुतळीनं खिळ्याला टांगलेत. बावीस वर्षं तोच पुठ्ठा. 'पुस्तके' नावाच्या एकाच कोडात आज ३,०८,००० शिल्लक आहेत, आणि आमचं हिशेबाचं वर्ष डिसेंबरअखेर संपतं. शरीरशास्त्र आणि कविता एकाच पिशवीत. ताईंना हे दाखवून दिलं. त्या म्हणाल्या, आजवर काही अडलं नाही. नेमकं हेच तर दुखणं आहे.

५ नोव्हेंबर, मंगळवार
लिपीवाले सर आले. दर मंगळवारी अकराला येतात. जुन्या लिप्या शिकवतात, विद्यार्थी चार. गेली नऊ वर्षं एकच मागणी: जुन्या लिप्यांचा मोठा कोश, चार खंड, किंमत ४८,४००. दरवर्षी 'पुढच्या वर्षी बघू' असं मीच सांगतो. त्यांच्याकडे त्याच्या फोटोकॉपीज आहेत, पण दुसऱ्या खंडाची शेवटची साठ पानं कुणी काढलीच नाहीत. त्यामुळे त्यांचे विद्यार्थी दरवर्षी एका ठरावीक अक्षरापाशी येऊन थांबतात आणि तिथूनच परीक्षेला बसतात.
सर ३१ डिसेंबरला निवृत्त होतायत. विक्रेत्याकडे एकच संच उरलाय, तोवर राखून ठेवतो म्हणालाय.
ताई म्हणाल्या, पैसे आहेत, लगेच ऑर्डर टाकते, दहा मिनिटांचं काम. मी हात वर करून थांबवलं. आधी शिस्त, मग खरेदी. नव्या पद्धतीतली पहिली ऑर्डर सरांच्या कोशाचीच जाईल. सरांना तसा शब्द दिला: तुम्ही जाण्याआधी कोश तुमच्या हातात. सर उठून उभे राहिले, दोन्ही हातांनी माझा हात धरला. फार बरं वाटलं.

६ नोव्हेंबर
सगळ्या ऑर्डरी बंद. फक्त चार दिवस.

८ नोव्हेंबर
कोडचा आराखडा सुचला. पाच भाग: विभाग, विषय, स्वरूप, भाषा, हेतू. 'हेतू' ही माझी स्वतःची भर. पुस्तक का घेतलं, हे आजवर जगात कुणी कोडमध्ये घातलेलं नसावं.
खुर्चीत बसवत नाही. टेबल खिडकीकडे वळवलं. उजेड डोळ्यांवर आला. दाराकडे वळवलं. येणाराजाणारा दिसतो. परत होतं तिथे आणलं. यात दुपार गेली, पण विचार पक्का झाला.

१० नोव्हेंबर, रविवार
घरी चाचणी घेतली. स्वयंपाकघरातल्या डब्यांना कोड दिले. बायको औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळते, तिला पद्धतशीरपणाची कदर असेल असं वाटलं होतं. तिनं साखर मागितली, मी कोड विचारला. ती म्हणाली, आमच्याकडे तापाच्या सगळ्या गोळ्या एकाच खणात असतात आणि लोक बरे होऊन घरी जातात. वर म्हणाली की जेवताना पाय हलवू नका, सगळं टेबल थरथरतं, पाणी सांडतं.
कन्येनं विचारलं, बाबा, तीन लाखांचे असे किती तुकडे करणार आणि मग एका तुकड्यात राहणार किती? कॉमर्सला घातली, ती अशी झाली. आकड्यांच्या पलीकडचं दिसत नाही. तिला सांगितलं की हा प्रश्न तांत्रिक आहे, तो शेवटी येतो.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
कोड ९६ झाले. चार दिवसांचे सात झाले, पण पाया खोल घ्यायचा तर खणायला वेळ लागणारच. सर अकराला आले. म्हटलं, तुमच्यासाठी खास काहीतरी करतोय. त्यांना आनंद झाला असावा. घड्याळ बघत उठले.

१९ नोव्हेंबर, मंगळवार
कोड २१२. इथे थांबलो. थांबायलाही संयम लागतो.
सकाळपासून सतरा फेऱ्या. कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माझी बासष्ट पावलं. परत येताना एकसष्ट. याचा छडा लावला पाहिजे.
सर येऊन गेले म्हणे. मी तेव्हा त्या टोकाला होतो.

२१ नोव्हेंबर
नियमावली लिहिली. नऊ कलमं. शेवटच्या कलमावर मी बेहद्द खूश आहे. एका कोडमधले पैसे दुसऱ्या कोडमध्ये न्यायचे तर फॉर्म भरावा लागेल आणि त्यावर तीन सह्या लागतील: विभागप्रमुख, हिशेब अधिकारी, मुख्य ग्रंथपाल. 'कोणत्याही कारणास्तव अपवाद केला जाणार नाही.' वाक्य लिहून मी जोरात वाचलं. ताईंनी मान वर केली.
मुख्य ग्रंथपाल म्हणून करायची सही ठरवून टाकली. नावाखाली एक रेघ, रेघेच्या शेवटी वेलांटी. दोन कोरी पानं भरली, मग कुणी पाहील म्हणून फाडली.

२५ नोव्हेंबर, सोमवार
विजय! संचालकांनी योजनेवर सही केली. पानं उलटली नाहीत, थेट शेवटचं पान काढलं. याला म्हणतात विश्वास.
हिशेब अधिकाऱ्यांना आम्ही खाजगीत 'कात्री' म्हणतो, कारण त्यांच्या हाताखालून गेलेलं कुठलंही बजेट मूळ उंचीचं राहत नाही. त्यांनी योजना पूर्ण वाचली. कलम ९ दोनदा वाचलं आणि हसले. बारा वर्षांत मी त्यांचे दात पहिल्यांदा पाहिले. म्हणाले, अशी माणसं आम्हाला हवीच होती. लगेच संगणकात सगळं भरून कुलूपही लावून टाकलं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार
पैशांचं वाटप केलं. विद्यार्थ्यांच्या संख्येप्रमाणे. यापेक्षा न्याय्य काय असेल?
सर आले तेव्हा मी स्वतः खुर्ची पुढे केली. म्हटलं, विद्यापीठाच्या इतिहासात पहिल्यांदा लिपी विभागाला स्वतःचा कोड मिळालाय. लिपी, कोश, छापील, बहुभाषिक, संदर्भ. शिल्लक ९१२.
सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. नऊशे बाराच ना, असं विचारलं. मी म्हटलं, ही सुरुवात आहे.
ताईंनी टेबलाचा खण उघडून पुन्हा बंद केला. जरा जोरात.

२ डिसेंबर
ऑर्डरी सुरू. उत्साह दांडगा. मात्र विभागांना मर्यादेत राहायची सवय नाही, ती आता लागेल.
गणित विभागाच्या कोडमध्ये ७०० होते. तेवढ्यात बसणारं एकच पुस्तक सापडलं, लहान मुलांचं बेरजेचं, चित्रांसकट. त्यांनी ते नाक मुरडत घेतलं. शरीरशास्त्राला हाडांचा पूर्ण तक्ता हवा होता. पैशांत फक्त पाऊल बसलं. पाऊल मागवलं.
ताईंचं म्हणणं, कुठल्याच कोडमध्ये धड एका पुस्तकाचे पैसे नाहीत. मी म्हटलं, याचाच अर्थ कुठल्याही कोडमध्ये उधळपट्टी शक्य नाही. त्यांनी पुढची मागणी काढली.

५ डिसेंबर
खर्चाचा अहवाल तयार. गोल तक्त्यात २१२ फाका, प्रत्येकीला वेगळा रंग. प्रिंटरमधली रंगीत शाई संपली होती, त्यामुळे सगळा तक्ता करडा आला आणि बूट पुसायच्या ब्रशासारखा दिसला. शाई मागवायला हवी. शाईला कोड दिलेला नाही असं लक्षात आलं.

१० डिसेंबर, मंगळवार
सर आले. आज मी पूर्ण तयारीत होतो. कोशासाठी बाकीच्या कोडमधून पैसे वळवायचे, बस्स. फॉर्म छापून ठेवला होता. सरांनी विभागप्रमुख म्हणून सही केली. हिशेब अधिकारी नियमात असेल तर करतीलच. तिसरी सही मुख्य ग्रंथपालांची.
इथे घोडं अडलं. ती खुर्ची रिकामी आहे.
फॉर्म करताना त्या जागी मी मलाच धरलं होतं, आणि तेही काही चूक नाही. फक्त जरा आधी धरलं. सरांना म्हटलं, सतरा दिवसांचा प्रश्न आहे.

१२ डिसेंबर
कात्रींकडे गेलो. म्हटलं, एकदाच, एका कोशासाठी, दोन सह्यांवर भागवू या. त्यांनी नियमावली काढली, चष्मा नाकावर चढवला आणि माझंच वाक्य मला वाचून दाखवलं. कोणत्याही कारणास्तव अपवाद केला जाणार नाही. वाचताना मध्ये थांबून म्हणाले, भाषा सुंदर आहे तुमची.
वाक्य खरंच चांगलं आहे. पण परतताना कॉरिडॉरची पावलं मोजायची राहून गेली.

१३ डिसेंबर
ताई जेवणाच्या सुट्टीत स्वतःहून माझ्या टेबलाशी आल्या. असं सहसा होत नाही. संचालकांकडून दोन ओळी लिहून आणा म्हणाल्या: नवी पद्धत जानेवारीपासून, तोवर जुने सात कोड चालू. पाच मिनिटांचं काम आहे, कोश आला की सगळे मोकळे.
बाईंचं डोकं चालतं, हे मान्य. पण निवडीच्या चौदा दिवस आधी मी संचालकांपुढे जाऊन सांगू की माझी योजना चालत नाही? आपल्याच पायावर धोंडा? २७ ला खुर्ची मिळाली की २८ ला मीच सही करेन. २८ ला शनिवार आहे. मग ३० ला. ३१ च्या आधीच येतं ते. ताईंना हे समजावलं. त्या म्हणाल्या, "सर, आणि नाही मिळाली तर?"
माझ्याविषयी इतका अविश्वास मी कधी ऐकला नव्हता.

१७ डिसेंबर, मंगळवार
विक्रेत्याचा फोन. दुसरं गिऱ्हाईक विचारतंय, ठेवू की देऊ? ठेवा म्हटलं. सर समोरच बसले होते. म्हणाले, तुम्हाला माझ्यामुळे फार त्रास होतोय. मी म्हटलं, छे, हे माझं कामच आहे. मग दोघंही ताईंच्या पुठ्ठ्याकडे बघत बसलो. तो त्यांनी अजून काढलेला नाही.

२० डिसेंबर
कशातच लक्ष लागत नाही. अहवालाचा फॉन्ट तीनदा बदलला. तीन पेनं आणून तिन्ही बदलून आणली. दुकानदार म्हणाला, साहेब, तुम्हाला नेमकं लिहायचंय काय? घरी जेवताना पाय धरून बसलो, तर हात हलायला लागला. बायकोनं ताट सरकवून विचारलं, ऑफिसमध्ये काही झालंय का? काही नाही म्हटलं. कन्या म्हणाली, नऊशे बारा. एवढंच. हिला कुणी सांगितलं? झोपेत बोललो असेन.
संकल्प: उद्यापासून शांत.

२४ डिसेंबर, मंगळवार
अकरा वाजले. सव्वाअकरा. सर आले नाहीत.
नऊ वर्षांत हा पहिला मंगळवार. मी कामातच होतो, त्यामुळे फारसं जाणवलं नाही. दोनदा दारापर्यंत गेलो ते पाय मोकळे करायला.

२७ डिसेंबर, शुक्रवार
नवा शर्ट. चार वाजता बोलावलं होतं. साडेतीनपासून बाहेरच्या बाकावर. पाच वाजता शिपाई सांगायला आला की निवड पुढे ढकलली आहे. कधी, ते कळवतील.
पुढे ढकलली म्हणजे माझ्या नावावर गंभीरपणे विचार चाललाय. घाईत नेमणूक कुणाची करतात? कुणाचीही.
बायकोला तसंच सांगितलं. ती हो म्हणाली आणि शर्टाची किंमत विचारली नाही.

३० डिसेंबर, सोमवार
विचार केला, जाऊन सांगावं. संचालक तिसऱ्या मजल्यावर. सकाळी दहाला दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलो, खाली आलो. बाराला तिसऱ्यापर्यंत. दार उघडं होतं, ते एकटेच बसले होते, फोनही नव्हता हातात. दोन ओळींचा कागद ताईंनीच लिहून माझ्या खिशात ठेवला होता. मी दाराशी उभा राहिलो. त्यांनी वर पाहिलं, काय काम काढलंत, असं विचारलं. मी म्हटलं, काही नाही, सहज, वर्षअखेर आहे, भेटून जावं म्हटलं. ते म्हणाले, छान.
खाली आलो. ताईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि संगणकाकडे वळल्या.  

३१ डिसेंबर, मंगळवार
सरांचा निरोप समारंभ वाचनालयातच झाला. त्यांच्या चौघा विद्यार्थ्यांनी खुर्च्या मांडल्या. सगळ्यांनी मिळून वर्गणीचं पाकीट दिलं, फुलं दिली. मी भाषण करणार होतो, मुद्दे काढले होते. ऐन वेळी सांगितलं, घसा बसलाय.
संपल्यावर सर माझ्याकडे आले. मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तेच म्हणाले, "तुम्ही नऊ वर्षं माझं ऐकून घेतलंत. एवढं कुणी ऐकत नाही हो."
शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. मला तिथे उभं राहवेना. फाईल विसरली म्हणून सटकलो. कुठलीच फाईल नव्हती.

२ जानेवारी
कात्रींचं पत्र. वर्षअखेर न वापरलेली रक्कम ३,०१,८०० परत घेतली आहे आणि नियमाप्रमाणे तेवढीच या वर्षीच्या वाट्यातून कमी केली आहे. ग्रंथालयानं दाखवलेल्या काटकसरीबद्दल अभिनंदन. शिवाय, एवढ्या लहान व्यवहाराला स्वतंत्र मुख्य ग्रंथपालाची आवश्यकता आहे का, याचा विचार चालू आहे.
अभिनंदन हा शब्द कात्रींनी याआधी कुणाला लिहिल्याचं ऐकिवात नाही. पत्र फ्रेम करावं का? ताईंना विचारलं. त्या पाणी प्यायला गेल्या.
संध्याकाळी घरी पत्र परत वाचलं. मग कन्येनं वाचलं. तिनं माझ्यासमोर चहा ठेवला. तिनं काहीतरी बोलायला हवं होतं.

७ जानेवारी, मंगळवार
अकरा वाजता खोकं आलं. कोश. चारही खंड. बिल सरांच्या नावावर, पूर्ण भरलेलं. वर्गणीच्या पाकिटात किती होते ते मला ठाऊक आहे, मीही त्यात टाकले होते. निम्म्यालाही पुरले नसते. बाकीचे सरांनी घातले.
सोबत चिठ्ठी: ग्रंथालयास भेट. माझ्या जागी आलेल्या नव्या बाईंचे तास सोमवारपासून आहेत, तोवर नोंद झाली तर बरं होईल.
ताईंनी भेटीचा फॉर्म काढून माझ्यासमोर ठेवला. नियमाप्रमाणे तो मीच भरायचा असतो. देणाऱ्याचं नाव. खंडांची संख्या. किंमत. शेवटचा रकाना, भेटीचं कारण.
मी लिहिलं, ज्ञानप्रसारार्थ. ताईंनी फॉर्म उचलला, वाचला, बाजूला ठेवला आणि दुसरा कोरा दिला.
लिहिलं, ग्रंथालयाकडे निधी उपलब्ध नसल्यामुळे. हा मीच फाडला. निधी होता. कोश सहा वेळा आला असता.
तिसरा फॉर्म घेऊन तासभर बसलो होतो. उठलो नाही, टेबल हलवलं नाही. ताईंनी घाई केली नाही. जेवायची सुट्टी झाली तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.
शेवटी लिहिलं: पैसे होते. मी मागवला नाही.
ताईंनी वाचलं. खरं तर हा काही फॉर्ममध्ये चालणारा मजकूर नाही आणि त्यांना ते माझ्याहून चांगलं कळतं. त्यांनी शाईचा पॅड उघडला, फॉर्मवर शिक्का मारला, मग चारही खंडांवर एकेक. पहिला खंड उचलून मांडणीकडे गेल्या.
उरलेले तीन मी नेले. जड आहेत.